कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात

प्रश्न (बेलापूर गावठाण): घरामागच्या खुराड्यात आमच्या 6 गावठी कोंबड्या आहेत. पावसाळ्यात त्या बहुतेक वेळ कोंडलेल्याच असतात, आणि आता एकीच्या शेपटीच्या बुडाशी इतर कोंबड्यांनी टोचून रक्त काढले आहे. शिवाय मऊ कवचाची अंडीही पडू लागली आहेत. काय करावे?

उत्तर (घणसोली): जखमी कोंबडीला आजच वेगळी ठेवा, कारण लाल जखम दिसली की बाकीच्या तिथेच चोच मारत राहतात आणि प्रसंगी जीवही घेतात. मुळाशी बहुधा दाटी, कंटाळा किंवा प्रथिनांची कमतरता असते. केवळ तांदळाच्या कण्यांवर अंड्यावरच्या कोंबडीचे भागत नाही, तिच्या खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिने हवीत. पालेभाजीची जुडी उंचावर टांगली, तर त्यांची चोच कामाला लागते. कवचासाठी कालवांच्या शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवा. आपल्या खाडीकाठी शिंपले सहज मिळतात.

उत्तर (कळवा): रात्री विजेरी घेऊन बसायच्या दांड्याच्या फटी अवश्य पाहा. लाल गोचिडी दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. पांढरे फडके फिरवल्यावर तांबडे डाग उमटले, तर खुराडे रिकामे करून औषध मारावे लागेल, मात्र ते पशुवैद्यकांना विचारूनच.

उत्तर (ऐरोली): मान वाकडी होणे, हिरवट हगवण किंवा धाप दिसल्यास मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची) शंका घ्या आणि पशुवैद्यकांकडे जायला थांबू नका. या रोगावर उपचार नाही, लस मात्र आहे.