मदत हवी आहे: स्वयंपाकघराचा फ्यूज सारखा उडतोय

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघराच्या सर्किटचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय आणि कारण सापडत नाही. जुना चिनी मातीचा कटआउट आहे, त्यात १५ अँपिअरची तार. लोड जास्त म्हणावा तर हिशोब जुळत नाही: फ्रिज आणि मिक्सर मिळून १००० वॉटच्या आत, म्हणजे २३० व्होल्टला साडेचार अँपिअरही होत नाहीत. शिवाय लोडमुळे तार तापून जरा वेळाने वितळते. इथे ती क्षणात उडते, कटआउटच्या आत काळा डाग पडतो. त्यामुळे मला शॉर्टचाच संशय येतोय.

सगळे प्लग काढले तरी दमट हवेत हमखास जातो. सिंकजवळच्या सॉकेटमागे भिंतीला ओल आहे. वायरिंगचं इन्सुलेशन मेगरनेच (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) तपासावं लागेल, की मल्टिमीटरवर कळेल?

जाड तार घाला, असं काहीजण सुचवतात. ते मी अजिबात करणार नाही. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापेल, आणि घरात लहान मुलं आहेत. तोपर्यंत त्या सर्किटचा कटआउट काढूनच ठेवलाय. इलेक्ट्रिशियनला बोलावतोय, पण त्याला आधी काय उघडायला सांगू: सॉकेट, की जंक्शन बॉक्समधले जोड?