'छा छ्यांग रन यी': बरं की वाईट?

प्रश्न: 'छा छ्यांग रन यी' या चिनी वाक्प्रचाराचा अर्थ शब्दकोश देतो 'बऱ्यापैकी समाधानकारक'. पण संघ सपाटून हरला तरी चिनी बातम्यांत हेच वाचायला मिळतं. बरोबर काय?

उत्तर १: शब्दकोशच बरोबर. गोची पहिल्या अक्षरात आहे. ते सपाट, उंच सुरात म्हटलं की अर्थ 'थोडंसं'. वरून खाली झपकन आणलं की 'निकृष्ट'. इथे पहिला सूर लागतो. लोक दुसरा अर्थ धरतात आणि 'मनाजोगं नाही' असं समजतात. खुद्द चिनी लोकही सर्रास चुकतात.

मूळ 'हौ हान शू' या इतिहासग्रंथात आहे. लढाई अंगावर येताच बाकीचे सेनापती गडबडले. वू हान मात्र शांतपणे शस्त्रं नीट करून घेत होता, सैनिकांना धीर देत होता. ते कळल्यावर सम्राट क्वांगवू (कारकीर्द इ.स. २५ ते ५७) म्हणाला, याच्यामुळे जरा हुरूप येतो. आजचा 'चालण्याजोगं' हा अर्थ नंतरचा.

उत्तर २: वापरताना आधी 'हाय स्वान' (तसं म्हटलं तर) जोडा, वाक्य सहज वाटतं. 'हन' म्हणजे 'खूप' लावू नका. 'खूप जेमतेम' कसं म्हणणार? निराशाच सांगायची असेल तर 'पू चिन रू रन यी' वापरा.

प्रश्नकर्ता: म्हणजे आपलं 'दगडापेक्षा वीट मऊ'?

उत्तर १: नाही, त्यात दोन वाईटांची तुलना आहे. इथे नुसतं 'ठीक आहे, चालेल'. वरिष्ठांच्या कामाबद्दल मात्र जपून. कौतुक म्हणून फारच कोमट आहे.