कूलर असेल तर गॅप सोडाच

ताई, जुन्या टाइल्सवर लॅमिनेट फ्लोअरिंग (लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची फरशी) बसवता येईल का विचारलं तुम्ही, तर चालते ना, फक्त खालची फरशी लेव्हलमधी पाहिजे नाहीतर चालताना टकटक वाजत राहते. पट्टी ८ एमएम जाड घ्यावी की १२ हेही विचारलं तुम्ही, पण जाडीपेक्षा एसी रेटिंग बघा (एअर कंडिशनरवालं नाही बरं, वरचा थर घासण्याला किती टिकते त्याचा आकडा), बेडरूमला एसी ३ पुरे.

खरी भानगड आपल्या नागपुरात कूलरची, मे महिन्यात रात्रभर ओली हवा आत येते अन् पट्टीच्या आतलं एचडीएफ (दाबून बनवलेला लाकडी तंतूंचा थर) फुगते, आमच्याकडे मिस्त्रीनं पट्ट्या पार भिंतीला टेकवून बसवल्या होत्या, जुलैपर्यंत मधोमध उंचवटा, शेवटी कडा कापाव्या लागल्या. चारही बाजूंनी ८-१० एमएम गॅप सोडायला लावाच, स्कर्टिंगखाली दिसत पण नाही. अन् पट्ट्यांचे बॉक्स बसवण्याआधी ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवा, तिथल्या हवेला सरावतात.