स्वस्त नेटबुक की महागडा लॅपटॉप?

यंदा अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी स्वस्त नेटबुक (लहान, साधा लॅपटॉप) पुरेल, की नव्या प्रोसेसरची वाट पाहून महागडा लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न किमतीपेक्षा सुट्या भागांकडे पाहून सोडवावा, असे मला मनापासून वाटते. २००७ साली असुस कंपनीचे सात इंची ईईई पीसी हे नेटबुक आले, तेव्हा चार जीबी साठवण चालून गेली. आज विंडोज ११ लाच किमान ६४ जीबी साठवण आणि चार जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) लागते, त्यामुळे तेवढ्यावरच थांबणारे यंत्र पहिल्याच मोठ्या अपडेटला अडते. स्वस्त यंत्रांत बहुधा ईएमएमसी ही बोर्डावरच बसवलेली, संथ साठवण असते. तिचा वेग सेकंदाला फार तर ४०० एमबी, तर साध्या एनव्हीएमई एसएसडीचा (वेगवान प्रकारच्या साठवणीचा) २,००० एमबीच्या पुढे जातो, आणि हा फरक रोजच्या कामात नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हेही ध्यानात घ्यावे. पंखा नसलेले स्वस्त यंत्र अशा उन्हाळ्यात तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. महागडे यंत्रही निर्दोष नसते (अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही). म्हणून मी मधल्या किमतीचा, पंखा असलेला, रॅमसाठी एक स्लॉट मोकळा असलेला लॅपटॉप आताच घ्यावा, असे सुचवेन. वाट पाहण्यात मुलाचे पहिले सत्र मात्र हातचे जाईल.