बिगक्वेरीतला जुना डेटा उडवायचाय, पण व्हेअर (कुठल्या रो उडवायच्या ती अट) चुकला तर?

शिरोली_भट्टी:
मंडळी, आमच्या फाउंड्रीत (शिरोली एमआयडीसी) भट्टीचं टेंपरेचर दर मिनिटाला बिगक्वेरीत (गूगलचा क्लाउड डेटाबेस) जातंय, टेबल लई मोठं झालंय. मालक म्हणत्यात 1 एप्रिल 2023 च्या आधीचं काढून टाका, बिल कमी करा. डिलीट लिहिता येतंय, पण कस्टमर ऑडिटला त्या तारखेपासूनच्या हीटचं (भट्टीतनं एका वेळी निघालेला वितळलेला माल) रेकॉर्ड मागतंय, त्यातली एक रो जरी गेली तर अवघड हाय. उडालंच तर परत मिळतंय काय?

रंकाळा_कट्टा:
भावा थेट डिलीट मारू नकोस. आधी तोच व्हेअर सिलेक्टला (नुसतं वाचायची क्वेरी) लाव, काउंट बघ, मिन-मॅक्स तारीख बघ, पटलं की फक्त वरची ओळ बदलायची, व्हेअरला हात लावायचा नाही. व्हेअर नसला तर बिगक्वेरी एरर देतंय, पण चुकीचा व्हेअर गप चालवतंय. आणि डिलीटच्या आधी टेबल स्नॅपशॉट (टेबलची त्या क्षणाची प्रत) घेच. तसं डीफॉल्ट 7 दिवसांचं टाइम ट्रॅव्हल असतंय, फॉर सिस्टिम टाइम अॅज ऑफ लावून आधीचं टेबल वाचता येतंय, पण कुणी सेटिंग 2 दिवसांवर आणलेलं असलं तर शनिवारी केलेली चूक मंगळवारी सापडून उपयोग नाही.

गूळ_डेटा:
वरचं सगळं बरोबर, पण एक जागा लई धोक्याची आहे. टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असतो. नुसतं '2023-04-01' लिहिलंस तर ती यूटीसीची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेपाच! 1 तारखेच्या रात्रपाळीत बारा ते साडेपाच ज्या हीट निघाल्या त्या सगळ्या जाणार, आणि मॅक्स बघितलास तरी 31 मार्च 23:59 दिसणार, म्हणजे शंका पण येणार नाही. '2023-04-01 00:00:00+05:30' असं लिही.

अजून एक, टेबल तारखेनं पार्टिशन केलेलं (तारखेवार तुकडे पाडलेलं) असलं तर 90 दिवस हात न लागलेल्या पार्टिशनचा स्टोरेज रेट आपोआप निम्म्यावर येतो, त्यामुळं वाचणार किती ते मालकांना आधी दाखव.

शिरोली_भट्टी:
पार्टिशन हाय, दिवसावार. +05:30 लावून सिलेक्ट चालवतो आणि त्या रात्रीच्या हीट रजिस्टरशी ताडून बघतो. स्नॅपशॉट किती दिवस ठेवू?

रंकाळा_कट्टा:
पुढचं ऑडिट होईपर्यंत ठेव, पण एक्स्पायरी आत्ताच टाक. स्नॅपशॉट आहे तोवर उडवलेल्या डेटाचं स्टोरेज त्याच्या नावावर लागतंय, बिल तेवढं उतरणार नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेव.