कोलेस्टेरॉलसाठी ओट्स नक्की किती आणि कसे खायचे? (घरचे हसतायत)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, वय ४७, मूळ गाव वाळवा तालुक्यात. मागच्या महिन्यात चेकअप केलं त्यात टोटल कोलेस्टेरॉल २४८ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६६ निघालं, साखर बीपी नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले तीन महिने खाणं सांभाळा, चाला, परत तपासू नाहीतर गोळी चालू करू, आणि जाता जाता म्हणाले सकाळी ओट्स खा. किती, कसले, कशात हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी सांगितलं तर वडील हसायलाच लागले. आमच्या मळ्यात ओट करतात ते म्हशींसाठी, कापला की परत फुटतो, दुधाला बरा. त्यामुळे गेले दोन आठवडे रोज सकाळी "झाली का वैरण खाऊन?" अशी चौकशी असते.

आता खरी अडचण. दुधात शिजवले की नुसती खळ होते, घशाखाली उतरत नाही. मसाल्याची पाकिटं आणली, चव बरी होती पण बायकोने मागे मिठाचा आकडा वाचला आणि ती बंद झाली. मग दळून घावन केले तर फायदा जातो का? आणि रोज शाळूची भाकरी खातोच, त्यात पण फायबर आहे मग ओट्सच कशाला? (भडंगाबद्दल विचारत नाहीये, उत्तर माहीत आहे.)

साताराकाकू: अहो ती खळ तुम्हाला नकोशी वाटते ना, तेच औषध आहे! तो चिकटपणा बीटा ग्लुकनचा, म्हणजे ओट्समधल्या विरघळणाऱ्या फायबरचा. आतड्यात पित्त अडकवून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा ग्लुकन पोटात जायला हवं, अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) १९९७ मधे ओट्सच्या पाकिटावर हृदयाला फायदा असं लिहायला परवानगी दिली ती याच हिशोबावर. म्हणजे कोरडे ओट्स साधारण ७५ ग्रॅम, एका वाटीत भागत नाही, मी सकाळी निम्मे आणि रात्री निम्मे करते. दळले म्हणून फायदा जात नाही. ओट्सचं पीठ, थोडं ज्वारीचं, ताक, कांदा, मिरची, अर्धा तास भिजवा आणि घावन घाला, फक्त तव्यावर तेल धार लावून ओतू नका. शाळू सोडू नका पण त्यात चोथा जास्त, हा चिकट प्रकार नाही. जवात आहे. सातूचं पीठ घेणार असाल तर विचारून घ्या, बऱ्याचदा गहू आणि डाळच असते. माझं एलडीएल १५८ चं १३९ झालं, पण तेल निम्म्यावर आणलं आणि चालणं होतं, सगळं श्रेय ओट्सला देणार नाही.

मिरजेचा_पाव्हणा: काकूंशी सहमत, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. नुसत्या ओट्सने एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं, म्हणजे तुमचं १६६ चं १५५ च्या आसपास. एकदम ७५ ग्रॅमवर उडी मारू नका, पोट गच्च होतं, पाणी जास्त प्या. आणि थायरॉईड तपासलंय का? ते कमी असलं तरी कोलेस्टेरॉल वाढतं, माझ्या मेव्हण्याचं तेच निघालं आणि बिचारा सहा महिने उगाच भाताला शिव्या देत होता. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास असेल तर तीन महिने थांबायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही. थायरॉईड केलेलं नाही, सोमवारी देतो. काका ५२ व्या वर्षी अटॅकने गेले, हे डॉक्टरांना सांगायचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच फोन करतो. घावन आज झाले. वडिलांनी खर्ड्याबरोबर तीन खाल्ले, कशाचे ते अजून सांगितलेलं नाही. काकू, पीठ तव्याला चिकटतंय, ताक कमी करू का ज्वारी वाढवू?