पंतप्रधान कुणाचा? खासदारांचा, पक्षाचा की आपला?

धरमपेठी
काल इथेच कुणीतरी ठणकावून लिहिलं : ‘आपण मत देतो पंतप्रधानाच्या चेहऱ्याला, मग पक्षाने तो मधेच बदलला तर पुन्हा निवडणूक घ्या.’ वाचून डोकं उठलं. अहो, मतदान यंत्रावर पंतप्रधानाचं बटण असतं का? तुम्ही खासदार निवडता, खासदार नेता निवडतात. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेल्या. १९९० ला स्वतःच्याच खासदारांत २०४ विरुद्ध १५२ मतं घेऊनही नियमाने हव्या त्या आघाडीला चार कमी पडली, दोन दिवसांत राजीनामा जाहीर. कुणी संसद बरखास्त केली नाही. आपल्याकडे शास्त्रीजींनंतर १९६६ ला काँग्रेसच्या खासदारांनी मतदान केलं : इंदिराबाई ३५५, मोरारजी १६९. झालं की!

इतवारीकर
‘कुणीतरी’ काय, ते मीच लिहिलं. तुम्ही पुस्तकातलं सांगता, मी चौकातलं. होर्डिंगवर उमेदवार पासपोर्ट साइजचा आणि नेता पुरुषभर उंच. मतं मागताना चेहरा, बदलताना ‘संसदीय पद्धत’! आणि १९६६ चं कौतुक पुरे. १९८५ ला पक्षांतरबंदी आली. व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला की खासदारकी गेली. तो काय नेता बदलणार?

धरमपेठी
व्हिप सभागृहातल्या मतदानाला असतो. संसदीय पक्षाच्या बैठकीत नेता निवडू नका असं पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत कुठे लिहिलंय? हिंमत नाही ते कायद्याच्या माथी मारू नका.

वऱ्हाडी ठेचा
हिंमत कुठून आनतील राजेहो? पुढच्या खेपेले तिकीट कोन देते? बैठकीत हात वर केला का नाव कटलं!

महालकर
थॅचरपर्यंत जाता कशाला? आपले डॉ. ना. भा. खरे विसरलात? १९३७ ला मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान झाले, तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला तेच म्हणत. मंत्रिमंडळातल्याच शुक्ल-मिश्र गटाशी बिनसलं. जुलै १९३८ मध्ये यांनी राजीनामा टाकला, ते मंत्री हटेनात, गव्हर्नरने त्यांना काढलं आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ केलं. वर्ध्याहून काँग्रेस श्रेष्ठींचं बोलावणं आलं, खेळ खलास. गादीवर रविशंकर शुक्ल. विधानसभा नागपुरात, निकाल वर्ध्यात!

वऱ्हाडी ठेचा
तवापासूनच मराठी मानसाले डावलून रायले! १९५३ च्या नागपूर करारात का लिहिलं? सरकार दरवर्षी काही काळ नागपुरातून चालवू. अन् होते काय? डिसेंबरात येतात, सावजी हानतात, संत्र्याच्या पेट्या भरून वापस. माह्या भावाची त्या बंदोबस्तात ड्युटी लागते, त्याले इचारा मोर्चे किती अन् कामकाज किती.

धरमपेठी
विदर्भाचा धागा वेगळा काढा, हात जोडतो.

महालकर
वेगळा का? खऱ्यांवर अन्याय झाला तो मराठी होते म्हणूनच.

सिव्हिल लाइन्स
काहीही! ब्रिटिश गव्हर्नरच्या हाताने आपलेच सहकारी काढले, मग पक्ष काय आरती ओवाळणार होता?

महालकर
ताई, त्यांना काढणारे सगळे संत होते का? तुम्हाला श्रेष्ठींचा भारी पुळका!

सिव्हिल लाइन्स
पुळका तुम्हाला, आडनाव बघून.

इतवारीकर
भांडा नंतर. बरं, पुन्हा निवडणूक नको. निदान पक्षाच्या सदस्यांना तरी मत द्या, ब्रिटनसारखं.

सिव्हिल लाइन्स
घ्या ब्रिटन! २०२२ ला हुजूर पक्षाचा नेता, म्हणजेच पंतप्रधान, निवडताना खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३. सदस्यांनी उलटं केलं : ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. ट्रसबाई सात आठवड्यांत घरी. आणि आपले सदस्य? मी एका पक्षाची वॉर्डातली पदाधिकारी होते, कोणता ते विचारू नका. नोंदणीची पावती-पुस्तकं माझ्याच डायनिंग टेबलावर भरली गेली. मतदार यादी उघडी, एकच निळा पेन, सगळ्या सह्या एकाच वळणाच्या. त्यात माझ्या वारलेल्या सासूबाईही सदस्य! मी आरडाओरडा केला, तर पुढच्या बैठकीचा निरोपच आला नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने चार आणे वर्गणी ठेवली, तेव्हा निदान चवन्नी तरी ज्याची त्याने द्यायची होती.

धरमपेठी
होर्डिंगचं मान्य, इतवारीकर, खूश व्हा. पण आपल्या नागपूरजवळच्या रामटेकने १९८४ आणि १९८९ ला दिल्लीला धाडलेले नरसिंह राव १९९१ ची निवडणूक न लढता पंतप्रधान झाले. तेव्हा कुणाच्या चेहऱ्याला मत दिलं होतं?

इतवारीकर
वा, उपकार झाले! पण राव पाच वर्षं कसे टिकले ते नाही सांगितलंत. पक्षाध्यक्षही तेच होते. खऱ्यांकडे नुसती खुर्ची होती. पक्षाची दोरी ज्याच्या हातात त्याचा पंतप्रधान, खासदारांचा नाही अन् आपलाही नाही.

वऱ्हाडी ठेचा
अन् पाहा, रामटेकचा मानूस पंतप्रधान झाला तं लोकसभेत गेला आंध्रातल्या नंद्यालहून! यातही विदर्भाच्या हाती भोपळा.